दोन्हीकडून उघडणारी डबी: रत्नागिरीजवळच्या एका घरातलं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण माझ्या मावशीच्या घरातलं. गाव रत्नागिरी तालुक्यात, खाडीच्या काठी. याहून जास्त पत्ता देत नाही. मावशी गेल्यावर घर दोन मुलांकडे आलं. थोरले अण्णा गावातच असतात, आंबा आणि सुपारी बघतात. धाकटा बापू डोंबिवलीला, त्याचा मुलगा जर्मनीत नोकरीला. वाटणी तोंडी झाली आहे, कागदावर नाही. कोकणात असं तीस-तीस वर्षं चालतं, त्याचं कुणाला काही वाटत नाही.

माझा संबंध एवढाच, की बँकेत असताना सोनेतारणाचं काउंटर मी बारा वर्षं सांभाळलं. सराफ दागिना तपासायचा, मी शेजारी बसून बघायचो. तेव्हाचं दहापट मोठं दाखवणारं भिंग अजून माझ्याकडे आहे. तेवढ्या भांडवलावर नातेवाइकांत मी जाणकार ठरलो. या प्रकरणात ती पदवी नडलीच.

गणपतीच्या आधी माळा झाडायला काढला होता. आजोबांच्या लाकडी पेटाऱ्यात अगदी तळाला, खणाच्या चिंधीत गुंडाळलेली एक डबी निघाली. बरोबर एक अडकित्ता आणि पानाचं तुटकं तबक. डबी काळीठिक्कर पडली होती, पण हातात घेतल्यावर चांदीचा जडपणा कळत होता.

वस्तू

डबी लंबगोल, मुठीत मावेल एवढी. लांबी ५ सेंटिमीटर, रुंदी साडेतीन, उंची अडीच. वजन ४३ ग्रॅम. बाहेरून कडेला बारीक कोरीव नक्षी, झाकणाच्या मधोमध एक छोटी चौकट आणि तिच्यात वळणदार इंग्रजी अक्षरं, बहुतेक दोन.

वरचं झाकण बिजागरीवर उघडतं. सगळे गोंधळले ते त्याच्या आत बघून. झाकणाच्या जरा खाली एक लोखंडी पत्रा बसवलेला होता, चांदीच्या चौकटीत पक्का. पत्र्याला भोकंच भोकं, आणि गंज इतका की अर्धी भोकं बुजलेली. म्हणजे झाकण उघडून आत काही ठेवायची सोयच नाही. मग डबी उलटी केली तर तळालाही झाकण! तेही बिजागरीचं. ते उघडलं की आत पोकळी, आणि वर बघितलं तर त्याच पत्र्याची खालची बाजू.

वरून उघडली तर पत्रा, खालून उघडली तर पोकळी. अशी डबी आमच्यात कुणी पाहिली नव्हती.

अडचण काय होती

वस्तू काय आहे हे कळायच्या आधीच ती कुणाची हे घरात ठरून गेलं होतं.

अण्णांचं म्हणणं, ही थिबा राजाची चुन्याची डबी. रत्नागिरीत वाढलेल्यांना यात नवल वाटायचं नाही. ब्रह्मदेशाच्या या राजाला इंग्रजांनी १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं. १९१० मध्ये तो नव्या राजवाड्यात राहायला गेला आणि १९१६ मध्ये इथेच वारला. पैशाची ओढ लागली की जडजवाहीर विकायचा, हेही खरं. त्यामुळे शहराच्या आसपास कुणाच्या घरात जुनी, जरा परकी दिसणारी वस्तू निघाली की ती थिबाची होते. मी स्वतः थिबाच्या म्हणून दाखवलेल्या तीन आरामखुर्च्या बघितल्या आहेत. तिन्ही वेगवेगळ्या गावांत.

बापूचं म्हणणं वेगळं. त्याने मोबाइलच्या उजेडात तळाच्या झाकणाच्या आत बारीक ठसे पाहिले, त्यात एक स्पष्ट नांगर. शेतातला नव्हे, जहाजाचा. झालं! नांगर म्हणजे जहाज, जहाज म्हणजे आंग्र्यांचं आरमार, आणि आमचे कुणी पूर्वज गलबतावर तांडेल होतेच. लुटीत मिळालेली वस्तू असणार. समुद्रकाठच्या माणसाला नांगर दिसला की तो समुद्राकडेच बघणार, त्याला इलाज नाही.

दोन्ही गोष्टी ऐकायला झकास होत्या. अडचण अशी, की दोघांनाही आपली गोष्ट खरी ठरवायला वस्तूची गरज नव्हती. चुन्याच्या डबीत लोखंडी पत्रा कशाला, हे अण्णांना विचारलं तर “राजाची पद्धत वेगळी असेल” म्हणाले.

शिवाय घाई होती. बापूचा मुलगा अनंत चतुर्दशीनंतर परत जाणार होता आणि डबी बरोबर न्यायची म्हणत होता, “तिकडे लिलावात दाखवतो.” अण्णांना वाटत होतं, विकून दोघांत पैसे वाटावेत, म्हणजे कटकट नको.

पुढे आलेले पर्याय

वजनावर सराफाला देणं हा सगळ्यांत सोपा पर्याय. पैसे लगेच, हिशेब स्वच्छ. मुलाबरोबर परदेशी पाठवणं हा दुसरा. वहिनी म्हणाल्या, घासूनपुसून देवघरात कुंकवाला ठेवू, घरातलं घरात राहील. मी म्हटलं, आधी काय आहे ते कळू द्या, मग काय ते ठरवा.

माझं ऐकलं गेलं याचं कारण माझी विद्वत्ता नव्हे. गौरी जेवायच्या दिवशी व्यवहार नको, एवढंच कारण होतं.

पहिला निर्णय: चकाकी

हा निर्णय मी गावात नसताना झाला. गौरी-गणपतीचं विसर्जन आटोपल्यावर अण्णा डबी घेऊन तालुक्याच्या ठिकाणी एका सराफाकडे गेले, फक्त टंच बघायला. सराफाने यंत्रावर धरली. चांदी साडेब्याण्णव टक्क्यांच्या आसपास निघाली. तो म्हणाला, पत्रा उचकटून काढा, लोखंड वजा जाता चांदी ३० ग्रॅमच्या वर भरेल, आजच्या भावाने घेतो. अण्णांनी पत्रा काढू दिला नाही. त्यांच्या मते त्याने थिबाची वस्तू मोडली असती! काही का असेना, हट्टाने इथे काम केलं.

पण सराफाने जाता जाता चांगुलपणाने डबी चाकावर धरून चकचकीत करून दिली. फुकट. अण्णा खूश.

दोनेकशे वर्षं हाताळून आधीच उथळ झालेली झाकणावरची अक्षरं त्या दोन मिनिटांत गेली. मी संध्याकाळी भिंगातून बघितलं तेव्हा चौकटीत एक वाकडी रेघ उरली होती, बाकी आरसा. वस्तू कुणाची होती याचा तिच्यावरचा एकमेव लेखी पुरावा तो होता. माळ्यावर सापडली त्या दिवशी भाचीने काढलेला एक फोटो आहे, पण त्यात नेमकं झाकणावर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब. एक अक्षर डब्ल्यूसारखं दिसतं. एमही असू शकेल, डबी कुठल्या बाजूने धरली होती त्यावर.

यात सराफाला दोष देववत नाही. त्याच्या दुकानात येणारा प्रत्येक माणूस चकाकीच मागतो. डबीबरोबर “हिला हात लावू नका” असं सांगणारं कुणी पाठवलं नव्हतं, आणि ते काम माझं होतं.

दुसरा निर्णय: ठसे वाचायचे

नशीब, की ठसे आतल्या बाजूला होते. चाक तिथे पोचत नाही.

तळाच्या झाकणात पाच ठसे ओळीने: पंजा उचलून चालणारा सिंह, नांगर, एक बारीक अक्षर, एका माणसाचं मुंडकं आणि दोन आद्याक्षरं. वरच्या झाकणात फक्त सिंह आणि तीच आद्याक्षरं. इंग्लंडच्या चांदीवरची ही ठरलेली पद्धत. सिंह म्हणजे हजारात ९२५ भाग शुद्ध चांदी, जे सराफाच्या यंत्राने आधीच सांगितलं होतं. मुंडकं म्हणजे गादीवरचा राजा, चांदीवरचा सरकारी कर भरल्याची खूण. ही खूण १७८४ ते १८९० एवढ्याच काळात मारली जायची.

आणि नांगर? नांगर बर्मिंगहॅमचा. तिथे चांदी तपासून ठसा मारणारी कचेरी १७७३ मध्ये सुरू झाली. त्याच वर्षी शेफील्डलाही झाली, तिला मुकुटाची खूण मिळाली. दोन्ही शहरांचे लोक लंडनमध्ये ज्या खाणावळीत बसून खटपट करत होते तिचं नाव ‘मुकुट आणि नांगर’ होतं, म्हणून एकाने हे घेतलं नि दुसऱ्याने ते, अशी गोष्ट सांगतात. बर्मिंगहॅम इंग्लंडच्या पोटात आहे, समुद्राचा थेंब नाही. कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये वारले, म्हणजे हा ठसा अस्तित्वात येण्याच्या चव्वेचाळीस वर्षं आधी. आंग्र्यांच्या आरमाराचं बळ मोडलं तेही १७५६ मध्ये विजयदुर्ग पडल्यावर. हे सगळं मी बापूला फोनवर सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, “बर्मिंगहॅमहून ती जहाजानेच आली असेल ना?” यावर उत्तर नव्हतं.

मुंडकं उजवीकडे बघणारं होतं. या खुणेत व्हिक्टोरिया राणी डावीकडे बघते, तिच्या आधीचे तिन्ही राजे, अगदी सुरुवातीची एक-दोन वर्षं सोडली तर, उजवीकडे. ती १८३७ मध्ये गादीवर आली. म्हणजे डबी त्याआधीची. बारीक अक्षर हे वर्षाचं, दर वर्षी पुढचं अक्षर यायचं. ते झिजलं होतं, पण लहान लिपीतलं होतं एवढं नक्की, आणि बर्मिंगहॅममध्ये लहान लिपीची माळ १७९८ ते १८२४ अशी चालली. कारागिराच्या आद्याक्षरांत दुसरं टी स्पष्ट, पहिली नुसती उभी रेघ. त्या काळात इंग्रजी ‘जे’ हे अक्षर ‘आय’सारखंच कोरत, आणि अशा छोट्या डब्या करणारा जोसेफ टेलर नावाचा कारागीर त्या वेळी बर्मिंगहॅममध्ये होता. एका उभ्या रेघेवर मी कुणाचं नाव लिहून देणार नाही, तेव्हा ते कागदावर घातलं नाही.

एवढं सगळं कळल्यावर मी काय केलं? मी जाहीर केलं, ही तपकिरीची डबी आहे.

इथे थांबून माझी चूक नीट मांडतो. बर्मिंगहॅम, अठराशेच्या आसपास, खिशात मावणारी चांदीची डबी, इतकं जुळलं की डोक्यात एकच शब्द उभा राहतो. त्या शहरातून तपकिरीच्या डब्या खंडोगणती निघाल्या. तळाचं झाकण? भरायला सोपं पडावं म्हणून असेल. लोखंडी पत्रा? नंतर कुणीतरी बसवला असेल. “नंतर कुणीतरी बसवला असेल” हे वाक्य मी इतक्या सहज बोललो की स्वतःलाही खटकलं नाही. बँकेत गिऱ्हाईक असं बोललं असतं तर मी दागिना पुन्हा तपासला असता. या डबीत चमत्कारिक गोष्ट एकच होती, आणि नेमकी तीच मी हिशेबातून वजा केली. सराफ पक्कडीने काढणार होता ते मी तोंडाने काढलं.

मधल्या काळात: कायदा आणि जर्मनी

मुलगा डबी घेऊन जाणार तो प्रश्न मात्र ठशांमुळे सुटला. पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम १९७२ प्रमाणे शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी कलाकुसरीची वस्तू ही पुरावस्तू ठरते आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. कायदा वस्तूचं वय बघतो, ती कुठे बनली ते विचारत नाही. विमानतळावर बॅग उघडली गेली असती तर पोराच्या नोकरीपर्यंत गोष्ट गेली असती. त्याला हे कळल्यावर त्याने स्वतःच विषय सोडला. बापूला मात्र वाटलं, मी अण्णांची बाजू घेतली. दिवाळीला फोन आला नाही.

तिसरा निर्णय: पत्र्याकडे परत

शिमग्याला सगळे पुन्हा जमले, बापूसुद्धा. पालखी घरी यायची होती, स्वयंपाकघरात पुरणाचं चाललं होतं. मी कॉफी मागायला आत गेलो. आमच्याकडे कॉफीत जायफळ लागतं. वहिनींनी फळीवरून जायफळाची किसणी काढली, बाजारात मिळते ती साधी स्टीलची, वर खरखरीत पत्रा आणि खाली जायफळ ठेवायला छोटं खोकं. खोकं उघडून जायफळ घेतलं, चारदा घासलं, पुन्हा खोक्यात टाकलं, झाकण लावलं.

मी बघतच राहिलो. वहिनी म्हणाल्या, “काय भाऊजी, गणपतीतच नव्हतं का सांगितलं, ते किसणं दिसतं म्हणून?”

सांगितलं होतं. डबी पहिल्यांदा हातातून हातात फिरली तेव्हा त्यांनी पत्र्यावरून बोट फिरवून तसं म्हटलं होतं आणि आम्ही तिघे पुरुष राजे आणि आरमार यांत गुंतलो होतो. माझ्या वहीत त्या दिवशीच्या नोंदी आहेत: लांबी, रुंदी, वजन, थिबा, आंग्रे. वहिनींचं वाक्य नाही.

डबी बाहेर आली. या वेळी मी ठसे सोडून पत्र्याला भिंग लावलं, सहा महिन्यांत पहिल्यांदा. भोकं खालून वर ठोकलेली होती, म्हणजे त्यांचे फाटलेले ओठ वरच्या झाकणाकडे. किसणीला असतात तसेच. पत्र्याच्या कडेच्या ओठांना अजून धार होती, गंजलेली पण बोटाला लागणारी. मधले ओठ मात्र गुळगुळीत चेपलेले. कुणीतरी कित्येक वर्षं मधोमध काहीतरी घासलं होतं. चांदीची चौकट पत्र्याच्या कडेवर दुमडून बसवलेली होती आणि तिच्यावरची नक्षी बाहेरच्या नक्षीशी जुळत होती. पत्रा नंतर बसवलेला नव्हता. डबीच पत्र्यासाठी केलेली होती.

मग बाकीचे अंदाज एकेक करून तपासले, या वेळी पत्र्यापासून सुरुवात करून. तपकिरीच्या डबीला जाळी नसते, एकच झाकण असतं आणि आत बहुधा सोन्याचं पाणी दिलेलं असतं. त्याच काळात बर्मिंगहॅममध्ये सुवासिक शिर्क्यात भिजवलेला स्पंज ठेवायच्या हुंगण्याच्या छोट्या डब्या होत, त्यांना आत जाळी असते. पण ती चांदीचीच, सोन्याचं पाणी दिलेली, वेलबुट्टीची आणि गुळगुळीत. शिर्क्याशेजारी लोखंड कुणी ठेवणार नाही. भाच्याला वाटलं काडेपेटी असेल, खरखरीत भाग काडी ओढायला. घासून पेटणारी काडी बाजारात आली १८२७ मध्ये, आणि अक्षराची माळ १८२४ ला संपते. चुन्याच्या डबीबद्दल अण्णांनीच आपण होऊन हात जोडले.

मागच्या परसात सुपारीच्या सावलीत जायफळाची दोन झाडं आहेत, दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या वाणाची. डब्यातलं एक जायफळ तळाच्या पोकळीत ठेवलं, झाकण टच्च लागलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खरं सांगायचं तर तो पुरावा नव्हे. सोललेली सुपारीही तितकीच छान बसली, मी बघितलं. पुरावा होता तो झिजलेल्या ओठांचा.

नंतर फोटो काढून मुंबईतल्या संग्रहालयात पूर्वी काम केलेल्या एका ओळखीच्या बाईंना पाठवले. त्यांनी तासाभरात उत्तर दिलं: खिशातली जायफळ किसणी, दोन झाकणांची, नेहमीचा प्रकार. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या संकेतस्थळावर अशा किसण्यांचे फोटो आहेत, तेही त्यांनी दाखवले. तासाभरात! गणपतीत पाठवले असते तर गणपतीतच कळलं असतं.

चांदीची किसणी कशासाठी

घरात पहिला प्रश्न हाच आला. जायफळासाठी इतका थाट? आपण सहाणेवर दोन वळसे उगाळतो आणि मोकळे होतो.

कारण ते तेव्हा तसं स्वस्त नव्हतं. जायफळ मुळात बांदा बेटांवरचं, आजच्या इंडोनेशियातल्या. डचांनी १६२१ मध्ये ती बेटं ताब्यात घेऊन दीडशेहून जास्त वर्षं व्यापार मुठीत ठेवला. फ्रान्सशी लढाया चालू असताना इंग्रजांनी बेटं काही वर्षं घेतली आणि रोपं पिनांगसारख्या आपल्या मुलखात नेऊन लावली, तेव्हा ती मूठ सुटली. इंग्लंडमधला शौकीन माणूस आपलं जायफळ आपल्याबरोबर बाळगायचा आणि मित्रांत बसला की पंचाच्या पेल्यावर स्वतःच्या हाताने किसायचा. पंच म्हणजे दारू, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला. हे नावही आपल्या ‘पाच’वरूनच गेलं असं मानतात. चांदीला किसणीची धार धरत नाही, म्हणून पत्रा लोखंडाचा. आपल्या हवेत आधी गंजला तो तोच.

निष्पत्ती

डबी विकली नाही. अण्णांकडे राहिली, तिच्या बदल्यात अडकित्ता आणि दोन समया बापूकडे गेल्या. वजनात बापूचा फायदा झाला आणि ते त्याला माहीत आहे.

डबी घरात कशी आली ते उघडं राहिलं. १७५६ च्या तहात बाणकोट इंग्रजांना मिळालं, १८१८ नंतर उरलेलं कोकण त्यांच्या हाती आलं, दापोलीला त्यांची छावणी बसली, पुढे रत्नागिरीला जिल्ह्याची कचेरी. पंच पिणारा साहेब या किनाऱ्यावर दुर्मीळ नव्हता. आजोबांच्या कागदांत शके १८२९ ची, म्हणजे १९०७-०८ ची, मोडीतली एक यादी सापडली. मोडी वाचणाऱ्या गुरुजींकडून ती वाचून घेतली. भांडी, समया, वळ्या असं सगळं आहे, आणि मध्ये एक ओळ: “डबी रुप्याची सायबाची १”. कोणता साहेब, ते नाही. अण्णा म्हणतात, राजालाही नोकर साहेबच म्हणत असतील. ठसे वस्तू कुठे आणि कधी झाली ते सांगतात, पुढच्या मालकांबद्दल बोलत नाहीत. तेव्हा थिबाने ती कधी हातातच धरली नाही असं मीही छातीठोक म्हणू शकत नाही. फक्त आता “थिबाची चुन्याची डबी” ऐवजी “थिबाची किसणी” असं सांगितलं जातं.

वेगळं काय करता आलं असतं

वस्तू सापडली त्याच दिवशी, काळी असतानाच, दिवसाउजेडी खिडकीशी धरून सहा बाजूंनी फोटो घ्यायला हवे होते, पट्टी शेजारी ठेवून, अक्षरांचा तिरक्या उजेडात एक वेगळा. पाच मिनिटांचं काम. डब्ल्यू की एम हा प्रश्न आज राहिला नसता.

चांदीवरचा काळेपणा म्हणजे हवेतल्या गंधकाने आलेला पातळ थर. तो वस्तूचं काही बिघडवत नाही. रांगोळी, चिंच, टूथपेस्ट, सराफाचं चाक, हे सगळं थराबरोबर चांदीही नेतं. आणि लोखंड बसवलेली वस्तू पाण्यात किंवा तयार द्रावणात बुडवायची नाहीच. आम्ही ते वाचवलं, पण ठरवून नव्हे. वहिनींचा चिंचेचा कोळ त्या दिवशी अळवात संपला होता.

तज्ज्ञाला विचारायला मी लाजलो, हेही खरं. बाईंचा नंबर माझ्याकडे पहिल्या दिवसापासून होता. आपण जाणकार म्हणून बसलेलो असताना दुसऱ्याला फोटो पाठवणं जड जातं. आणि विचारताना “ही तपकिरीची डबी किती जुनी?” असंच विचारलं असतं, म्हणजे उत्तरही कदाचित वयाचंच आलं असतं.

पत्र्याचा गंज काढायचा का, यावर अजून एकमत नाही. बाईंचं म्हणणं, काही करू नका, कोरडं ठेवा. त्याप्रमाणे डबी सुती कापडात, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवली आहे, आत ओल शोषणाऱ्या पुड्या, जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला बदलायच्या. रबर बँड लावायचा नाही असं वर चिठ्ठीत लिहिलं आहे, कारण रबरातल्या गंधकाने चांदी काळवंडते. वहिनींनी एकदा विचारलं, हिच्यावर एकदा किसून बघू का. मी म्हटलं, नको, गंज आहे, आणि धार जाईल.

मे महिन्यात आंब्याला गेलो तेव्हा सवयीने भिंग लावलं. कडेच्या तीन-चार भोकांत ताजी पिवळसर भुकटी होती. मी झाकण लावलं आणि डबी जागेवर ठेवली. कॉफी तोवर पिऊन झाली होती.